आधी मशीन बघा, मग कोर्स

प्रश्न : मी एका पॅकेजिंगच्या कारखान्यात एचआर आणि ॲडमिन दोन्ही बघते. कायमचे साठेक कामगार आहेत, शिवाय कंत्राटदाराची माणसं. गेल्या महिन्यात पॅकिंग लाइनवर एका ऑपरेटरची दोन बोटं रोलरमध्ये चेमटली. बॉक्स अडकला होता, तो काढायला त्यानं चालू मशीनमध्ये हात घातला. (गार्ड, म्हणजे रोलरवरचं संरक्षक झाकण, तेव्हा काढलेलं होतं. माल सारखा अडकतो म्हणून ते बरेचदा काढलेलंच असतं.) दीड वर्षापूर्वी त्यानं सेफ्टीचं ट्रेनिंग घेतलंय, सर्टिफिकेट फाइलला आहे. आता दोन महिन्यांत मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आहे आणि साहेबांचा निरोप आहे, ‘सगळ्यांचं एकदा सेफ्टी ट्रेनिंग उरकून घ्या.’ माझ्यासमोर तीन प्रस्ताव आहेत. पहिला ऑनलाइन : व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, लगेच सर्टिफिकेट. दुसऱ्यात ट्रेनर येऊन दिवसभर हॉलमध्ये सगळ्यांना शिकवणार. तिसरा परदेशी संस्थेचा नावाजलेला कोर्स, पण तेवढ्या पैशात दोघांनाच पाठवता येईल. कोणता घेऊ? आणि त्या ऑपरेटरला ‘रिट्रेनिंग’ला बसवा असंही सांगितलंय, त्याचं काय करू?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीय. गार्ड बरेचदा काढलेलंच असतं. तिन्ही प्रस्ताव थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण या गोष्टीवरचा इलाज त्यातल्या एकाकडेही नाही.

चालू रोलरमध्ये हात घालायचा नसतो हे त्या ऑपरेटरला माहीत नव्हतं असं तुम्हाला खरंच वाटतं का? दीड वर्षापूर्वीच्या परीक्षेत त्यानं तो प्रश्न बरोबर सोडवला असणार. पण लाइन थांबवली की मागे माल तुंबतो, परत चालू करण्यात वेळ जातो, सुपरवायझर विचारतो ‘आता काय झालं?’ आणि बॉक्स तर पुन्हा पुन्हा अडकतो. महिनोन् महिने हात घालून बॉक्स निघतो, कुणाला काही होत नाही, आणि काही न होण्याचीच सवय लागते. त्याला आणखी एक दिवस वर्गात बसवून या सवयीला धक्काही लागणार नाही.

सेफ्टीचं काम करणारे सगळे एक उतरंड मानतात. धोका मुळातच काढून टाकता येतो का ते आधी बघायचं. नसेल येत, तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणायची. तेही शक्य नसेल तर गार्ड, ते उघडताच मशीन थांबवणारा इंटरलॉक, हवा खेळती ठेवणारे पंखे अशी यंत्राचीच व्यवस्था करायची. त्याखाली येतात नियम, धोक्याच्या कामाआधी घ्यायचं लेखी परमिट, पाट्या आणि ट्रेनिंग. आणि अगदी शेवटी हेल्मेट, हातमोजे, गॉगल. २०१८ साली आलेल्या आयएसओ ४५००१ या कामाच्या जागेच्या सुरक्षेबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम दिलाय. म्हणजे ज्यासाठी तुम्ही पैसे मोजायला निघालात ते खालून दुसऱ्या पायरीवर आहे. ट्रेनिंग वाया जातं असं मी म्हणत नाही, पण वरच्या पायऱ्या मोकळ्या सोडून सगळा भार त्याच्यावर टाकला की वाया जातं.

तेव्हा ट्रेनरला फोन करायच्या आधी मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन त्या लाइनपाशी अर्धा तास उभ्या राहा. बॉक्स नेमका कुठे अडकतो? बाजूच्या पट्ट्या तिरक्या झाल्यात का, बॉक्सची झाकणं नीट चिकटत नाहीत का, की सेन्सर पुढे-मागे सरकलाय? अडकणं निम्म्यावर आलं तरी हात आत जायच्या वेळा निम्म्या होतील. मग गार्डकडे बघा. ते काढायला स्पॅनर लागत असेल आणि चार बोल्ट खोलावे लागत असतील, तर एकदा निघालेलं गार्ड शिफ्ट संपेपर्यंत परत बसत नाही. बिजागरीवर उघडणारं, उघडताक्षणी रोलर थांबवणारं गार्ड बसवून घ्या. बॉक्स काढायला मग काही सेकंद लागतात आणि ते काढून ठेवायचं कारणच उरत नाही. (इंटरलॉकला चुंबक चिकटवून किंवा वायर बांधून फसवणारे असतात. तसं दिसलं तर दटावण्याआधी, तो माणूस असं का करतोय ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा उत्पादनाच्या आकड्यात सापडतं.)

आता ट्रेनिंग. ‘सगळ्यांना एकच सेफ्टी ट्रेनिंग’ ही मागणीच मला पटत नाही. पॅकिंगवरच्या बाईला, फोर्कलिफ्टवाल्याला, फिटरला आणि तुम्हाला एकच दिवसभराचा कोर्स दिला तर चौघांनाही त्यातला थोडाथोडाच भाग उपयोगी पडणार. आधी कुणाला काय लागतं ते ठरवा, आणि ते ऑफिसात बसून ठरवू नका. प्रथमोपचाराच्या पेटीजवळचं रजिस्टर आणि मेंटेनन्सच्या तक्रारींची वही चाळा, मग प्रत्येक शिफ्टमध्ये एकेक फेरी मारा, रात्रपाळीतसुद्धा. ‘इथे धोका कुठे आहे?’ असं विचारलंत तर ‘काही नाही मॅडम’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘उद्या नवीन पोरगं आलं तर त्याला कशाला हात लावू देणार नाही?’ लोक लगेच बोलायला लागतात. आणि रोज नसणाऱ्या कामांबद्दल मुद्दाम विचारा : रोल बदलणं, रोलर पुसणं, वीज गेल्यावर परत सुरू करणं, शेडच्या पत्र्यावर चढणं. ‘रोजचं काम’ म्हणून जे कागदावर लिहिलेलं असतं त्याच्या बाहेरच्या या कामांतच माणसं अडकतात.

त्या फेरीत एक टाकी नक्की शोधा. पत्रात तिचा उल्लेख नाही, पण पाण्याची, सांडपाण्याची किंवा गोंद साठवायची टाकी बहुतेक कारखान्यांत असते, वर्षातून एकदा बाहेरची माणसं येऊन ती साफ करतात, आणि ती कुणाच्याच ट्रेनिंगच्या यादीत नसते. साध्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा धोकादायक मानतात, आणि फारच कमी असला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, गुदमरल्याची जाणीव व्हायच्याही आधी. सांडपाण्यातला हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. मग वरचा सोबती खाली पडलेल्याला काढायला उतरतो. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संशोधन संस्थेनं १९८६ साली नोंदवलं होतं की बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. म्हणून टाकीचं ट्रेनिंग दोन प्रकारचं हवं. जो आत जाणार आणि जो वर उभा राहणार त्यांना गॅस मीटर, परमिट, दोर, माणसाला वर ओढायची तिपाई हे सगळं शिकवणारा पूर्ण कोर्स. बाकी सगळ्यांना पंधरा मिनिटांत एकच गोष्ट : आतला माणूस पडलेला दिसला तरी उतरायचं नाही, आरडाओरडा करून मदत बोलवायची. ही पंधरा मिनिटं तुमच्याकडच्या तिन्ही प्रस्तावांत आहेत का ते बघा. मला शंका आहे.

अशी यादी हातात आली की तिचे आपोआप तीन ढीग पडतात. सगळ्यांना लागणारं थोडंसं : अलार्म वाजला की कुठून बाहेर पडायचं, कुठे जमायचं, मशीन थांबवायचं लाल बटण कुठे आहे, आणि काही घडता घडता वाचलं तर कुणाला सांगायचं. ठरावीक लोकांना लागणारं पुष्कळ : फिटर आणि इलेक्ट्रिशियनला लॉकआउट-टॅगआउट (मशीनची वीज तोडून तिथे स्वतःचं कुलूप आणि पाटी लावायची, मगच कामाला हात घालायचा), फोर्कलिफ्टवाल्याला फोर्कलिफ्ट, केमिकल हाताळणाऱ्यांना केमिकल, उंचीवर चढणाऱ्यांना हार्नेस. आणि एखाद-दोघांना लागणारं खोल ज्ञान, म्हणजे धोक्यांचं मूल्यमापन आणि अपघाताची चौकशी करता येईल एवढं. पैसे मधल्या ढिगावर घाला. हात तुटणं, माणूस पडणं, शॉक लागणं हे सगळं तिथेच होतं.

आता तुमच्या तीन प्रस्तावांकडे. ऑनलाइन कोर्स मी सरसकट नाकारणार नाही. केमिकलच्या डब्यांवरची नऊ प्रकारची धोक्याची चिन्हं ओळखणं, केमिकलसोबतच्या माहितीपत्रकाच्या, म्हणजे सेफ्टी डेटा शीटच्या सोळा भागांत प्रथमोपचार कुठे लिहिलेला असतो ते सापडणं, एकदा शिकलेल्याची उजळणी, ऑफिसमधल्या लोकांचं आगीबद्दलचं प्राथमिक ज्ञान, हे स्क्रीनवर बरं जमतं. पण जे हातानं करायचं ते स्क्रीनवर येत नाही. २००६ साली बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगारांच्या सेफ्टी ट्रेनिंगवरचे ९५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. ट्रेनिंगमध्ये माणसाचा स्वतःचा सहभाग जितका जास्त, म्हणजे करून बघणं, प्रश्नोत्तरं, सराव, तितकं ज्ञान जास्त टिकतं आणि अपघात कमी होतात, असं त्यातून दिसलं. व्हिडिओ आणि पत्रकं या मोजपट्टीच्या तळाला होती.

आग विझवायच्या सिलिंडरचंच घ्या. ‘पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडी दाबा, डावी-उजवीकडे फिरवा’ हे पाठ असलेला माणूस पहिल्यांदा सिलिंडर हातात घेतो तेव्हा बरेचदा पिन न काढताच दांडी दाबायला लागतो, आणि दाबत राहिल्यामुळे पिन जास्तच घट्ट अडकते. पिन निघाली की तो ज्वाळेच्या टोकावर मारा करतो, बुडाशी नाही. छोट्या सिलिंडरचा मारा टिकतो काही सेकंद. म्हणजे चुका करून शिकायला प्रत्यक्ष आगीत वेळच नसतो. त्या चुका आधी मैदानात होऊन गेलेल्या बऱ्या. सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचंही तसंच. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी, हे ऐकायला सोपं आहे. पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघितलं की दम लागतो आणि कळतं की आपण निम्मंच दाबत होतो. एका बॅचला पुतळा एकच असेल तर बहुतेक लोक फक्त बघून घरी जातील.

हॉलमधल्या दिवसभराच्या ट्रेनिंगचं भवितव्य सर्वस्वी ट्रेनरवर आहे, आणि सहसा वाईट आहे. साठ माणसं, एक प्रोजेक्टर, भयानक अपघातांचे फोटो, दुपारनंतर पेंगणारे डोळे. तरीही हा प्रस्ताव सुधारता येण्यासारखा आहे, म्हणून खाली त्याबद्दलच लिहितो.

परदेशी कोर्सबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे नावांचा घोळ फार. नेबॉश ही १९७९ साली स्थापन झालेली ब्रिटिश परीक्षा संस्था. तिचा इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट हा कोर्स चांगला आहे, त्यात कामाच्या जागेचं धोक्यांचं मूल्यमापन प्रत्यक्ष करून द्यावं लागतं. पण तो ऑपरेटरसाठी नाही. सेफ्टीची जबाबदारी ज्याच्याकडे राहणार आहे त्याच्यासाठी आहे. आयओएसएच या दुसऱ्या ब्रिटिश संस्थेचा ‘मॅनेजिंग सेफली’ लहान आहे, साधारण तीन दिवसांचा, मॅनेजर-सुपरवायझरसाठी. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या सरकारी कामगार-सुरक्षा यंत्रणेचे दहा तासांचा आणि तीस तासांचा असे कोर्स सर्टिफिकेट म्हणून विकले जातात, पण त्या कार्डाला सर्टिफिकेशन म्हणता येत नाही आणि एखाद्या विशिष्ट कामासाठी लागणारं ट्रेनिंग त्यानं भागत नाही, असं खुद्द ओशाच सांगते. आणि ‘आयएसओनं मान्यता दिलेला कामगार कोर्स’ असं कुणी म्हणालं तर दुसरा माणूस शोधा. आयएसओ मानकं लिहिते, स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही. दोघांना पाठवायचंच असेल तर फर्डं इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा फ्लोअरवर वावरणारा, पुढची काही वर्षं टिकेल असा आणि लाइन थांबवायचा अधिकार असलेला माणूस निवडा. तो अधिकार देणार नसाल तर त्याला पाठवण्यात अर्थ नाही.

ट्रेनर संस्थेला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : ‘आदल्या दिवशी येऊन आमचं फ्लोअर बघणार का?’ जो नाही म्हणतो किंवा ‘आमचा कोर्स स्टँडर्ड आहे’ म्हणतो, त्याला तिथेच सोडा. मग विचारा, लोक हातानं काय काय करतील आणि एका बॅचमध्ये किती जण असतील. वीसपेक्षा जास्त असले तर हातानं करणं होत नाही, असं माझं मत. येणारी व्यक्ती कोण, तिनं कुठल्या उद्योगात काम केलंय, हे लेखी घ्या. बोलताना अनुभवी माणूस असतो आणि प्रत्यक्षात दुसराच कुणी येतो, हा प्रकार सर्रास चालतो. शेवटी विचारा, गेल्या वर्षी तुमच्या परीक्षेत किती जण नापास झाले? ‘कुणीच नाही’ हे उत्तर अभिमानानं आलं तर समजा, ते हजेरीचं सर्टिफिकेट देतात.

भाषेचा मुद्दा तर फोनवरच मिटवा. तुमच्या फ्लोअरवर सगळ्यांची भाषा एक नसेल, काहींना वाचता येत नसेल. अशा माणसाला लेखी परीक्षा दिली की शेजारचा त्याचा पेपर भरतो आणि तुमच्या फाइलला शंभर टक्के निकाल लागतो. तोंडी विचारा, मशीनपाशी करून दाखवायला सांगा. कंत्राटी माणसांना वगळू नका. सगळ्यात नवखे आणि सगळ्यात धोक्याच्या कामावर बहुतेक तेच असतात. ट्रेनिंग कामाच्या वेळेत, पगारी असू द्या. सुट्टीच्या दिवशी बोलावलेल्या माणसाचं लक्ष घड्याळाकडे असतं. आणि त्याचा एक पैसाही कामगाराकडून कापला जाता कामा नये : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारात ते स्पष्ट लिहिलंय. कायद्यानं सक्तीचं ट्रेनिंग कुठलं आणि ते द्यायला कुणाला मान्यता आहे, ते मात्र तुमच्या भागातल्या नियमांतून आधी तपासून घ्या.

सुपरवायझरांना सगळ्यांच्या आधी बसवा. हे मी अगदी आग्रहानं सांगतो. ट्रेनर दिवसभर सांगणार, ‘अडकलं तर आधी थांबवा’, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर म्हणणार, ‘अरे काढ ना पटकन.’ कोर्सचे सगळे पैसे त्या एका वाक्यात गेले. कामगार ट्रेनरचं नाही, सुपरवायझरचं ऐकतो, कारण रजा आणि ओव्हरटाइम त्याच्या हातात असतो. लाइन थांबवल्यामुळे आकडा कमी आला तर बोलणी बसणार नाहीत, हे साहेबांनी सुपरवायझरांना समोर बसवून सांगायला हवं. ते तुमच्या पातळीवरचं काम नाही, त्यांच्याकडूनच करून घ्या.

ऑडिटची धास्ती कमी करा. फ्लोअरवर हिंडणारा ऑडिटर सर्टिफिकेटांचा गठ्ठा चाळून कुणा एका ऑपरेटरला विचारतो, ‘हे अडकलं तर काय करता?’ आणि तिथे साठ सर्टिफिकेटं कामाला येत नाहीत. दोन महिन्यांत सगळं होणार नाही, झालंही पाहिजे असं नाही. अपघाताची चौकशी, गार्डची दुरुस्ती, धोक्यांची यादी, त्यावरून केलेला वर्षभराचा ट्रेनिंगचा आराखडा, आणि त्यातले पहिले दोन टप्पे पूर्ण, म्हणजे सुपरवायझर आणि लॉकआउट. एवढं दाखवता आलं तर ते कुठल्याही घाऊक कोर्सपेक्षा वजनदार ठरतं. सगळ्यांसाठी काहीतरी तातडीनं दाखवायचंच असेल तर ऑनलाइनचा स्वस्तातला भाग घ्या, पण तो फक्त पहिल्या ढिगासाठी आहे हे स्वतःशी पक्कं ठेवा.

कोर्सनंतर भरून घेतात तो ‘ट्रेनिंग कसं वाटलं’ फॉर्म फाइलला लावा आणि विसरा. त्यातून जेवणाची व्यवस्था बरी होती की नाही एवढंच कळतं. महिन्यानं मशीनपाशी जाऊन न सांगता बघा. फिटर कुलूप लावतो का? चावी स्वतःच्या खिशात ठेवतो, की दुसऱ्याला देऊन टाकतो? सीपीआरसारखी कौशल्यं काही महिन्यांतच विरायला लागतात, तेव्हा वर्षाकाठी एक मोठं ट्रेनिंग घेण्यापेक्षा शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटांचं टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाच्या जागीच सेफ्टीवर बोलणं, आणि मधूनमधून सराव जास्त कामाला येतो.

राहिला तो ऑपरेटर. त्याला ‘रिट्रेनिंग’ला बसवू नका. गार्ड नसलेल्या मशीनवर त्याला कामाला लावणारे आपण, आणि वर्गात बसणार तो, हे फ्लोअरवरच्या प्रत्येकाला दिसतं. असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुणाचं बोट थोडक्यात वाचलं तर तुमच्यापर्यंत बातमी येणार नाही. चिंधी बांधून माणूस कामाला लागेल. साहेबांना सांगा की चौकशीत गार्ड आणि वारंवार अडकणारा माल ही कारणं निघाली, आणि ते लेखी द्या. तो बरा होऊन आला आणि त्याची स्वतःची तयारी असेल, तर नवीन गार्ड कसं असावं हे ठरवताना त्याला मेंटेनन्सच्या लोकांबरोबर उभं करा. बॉक्स कुठल्या बाजूनं अडकतो आणि हात कुठून आत जातो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. बॅचसमोर उभं करून ‘याचं बघा काय झालं’ असं मात्र कुणालाही करू देऊ नका, ट्रेनरनं मागितलं तरी.